सुईदोरा आणि कोरी वही

मार्गशीर्ष लागला आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या तोंडून वाफा निघू लागल्या, की शाळेच्या वेळापत्रकात एक फेरफार मुकाट्याने होऊन जातो. त्याची सूचना फलकावर लागत नाही. बुधवारचा चित्रकलेचा तास गणिताकडे जातो, शुक्रवारचा शिवणाचा तास इंग्रजीकडे जातो, आणि संक्रांतीपर्यंत हे दोन तास कधी होते याचीही मुलांना आठवण राहत नाही. परीक्षा मार्चमध्ये, पूर्वपरीक्षा त्याही आधी. अशा वेळी रंगपेटी उघडणे म्हणजे घराला आग लागली असता रांगोळी घालीत बसणे होय, असेच बहुतेकांना वाटते. हा फेरफार मागणाऱ्यांत आम्हीही होतो. किंबहुना गेली काही वर्षे त्या मागणीच्या कागदावर पहिली सही आमचीच असे. तेव्हा पुढील मजकूर आम्ही आरोपीच्या नात्याने लिहीत आहोत, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: हाताला काम देणारे हे दोन तास वर्षातून कधी काढून घ्यावयाचेच असतील तर ते पावसाळ्यात काढून घ्यावेत, हिवाळ्यात काढून घेऊ नयेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. येथे बर्फ पडत नाही, पण पहाटेचे धुके, पाचनंतर उतरणारा गारठा आणि जेमतेम अकरा तासांचा दिवस एवढी सामग्री मन खाली बसण्यास पुरेशी असते. सुगी आटोपलेली असते. घरातील वृद्धांचे खोकले वाढलेले असतात. मुले मात्र कंदिलासारखी रात्रभर जळत ठेवावयाची असतात. वर्षातील सर्वांत जड ओझे वर्षातील सर्वांत आखूड दिवसांवर आपण लादतो, आणि नेमकी त्याच वेळी मुलांच्या हातातील सुई आणि पेन्सिल काढून घेतो.

हे शहाणपण आम्हांला वाचनातून आले असते तर बरे झाले असते. ते आले एका अर्ध्या गोधडीतून.

गोधडी हे खरे उन्हाळ्याचे काम. चैत्र-वैशाखात जुनी लुगडी, सदरे, परकर धुऊन कडकडीत वाळवावयाचे, त्यांच्या घड्या एकावर एक पसरावयाच्या, आणि दुपारच्या वेळी ओसरीवर बसून दोरे घालावयाचे. पावसापूर्वी काम हातावेगळे झाले पाहिजे, कारण ओल धरलेल्या कापडात सुई नीट चालत नाही. आमच्या आईने त्या वर्षी वैशाखात गोधडी मांडली. सवाशी हात काम झाले असेल नसेल, ती आजारी पडली आणि श्रावणात गेली. गोधडी गुंडाळून ट्रंकेवर राहिली. दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा पांघरूण शोधता शोधता ती हाती आली. उलगडून पाहतो तो सुई जेथे थांबली होती तेथेच, दोऱ्यासह, टोचलेली. पावसाळ्याने ती गंजली होती आणि गंजाचा एक तांबूस ठिपका कापडावर उमटला होता.

आम्ही पदवीधर, मुलांना अलंकार आणि वृत्ते शिकविणारे. सदऱ्याची गुंडीदेखील कधी लावलेली नाही. ती गोधडी शिंप्याकडे देऊन यंत्रावर टिपा मारून घ्यावी असे मनात आले. त्यासाठी बाहेर पडलोही होतो. शेजारच्या अक्का तेवढ्यात दारात उभ्या. त्यांच्या कन्नड घरात गोधडीला 'कौदी' म्हणतात, पलीकडच्या शेतकरी घरांतून 'वाकळ', आमच्या कोकणी घरात 'गोदडी'. या गावात भाषेवरून पुष्कळ वाद झाले, पण या वस्तूवर तीनही भाषांनी मिळून पांघरूण घेतलेले आम्ही पाहिले आहे. अक्कांनी गंजलेली सुई पाहिली आणि त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "मास्तर, सुई बदला की. कापडाचं काय चुकलंय?"

सुई बदलली. पहिल्या संध्याकाळी आमच्याकडून वीतभर धावदोरा झाला. टाके असे पडले की जणू दारू प्यालेली मुंगी चालत गेली आहे. अंगुस्तान बोटात बसेना, सुई तीन थरांतून पार होईना, आणि दोन वेळा रक्त निघाले. आईचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे, आमचे घेवड्याएवढे. तिचे शेवटचे टाके आणि आमचे पहिले टाके यांच्यामधली सीमा आजही पाच हातांवरून ओळखू येते. उसवून पुन्हा घालावे असे वाटले, पण अक्कांनी घालू दिले नाही. त्यांचे कारण व्यवहारी होते: उसवले तर जुने कापड विरेल.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज तासभर शिवत असू. आठ-दहा दिवसांनी एक गोष्ट ध्यानी आली. आईच्या जाण्यानंतर आम्ही संध्याकाळी वाचावयास बसलो की ओळी डोळ्यांसमोरून जात, अर्थ मागे राही. मित्र भेटावयास येत, त्यांच्याशी बोलण्याचा शीण होई. सांत्वनाच्या शब्दांना उत्तर द्यावे लागते. टाक्याला उत्तर द्यावे लागत नाही. त्याला फक्त पुढचा टाका हवा असतो, आणि तो कोठे घालावयाचा हे दिसत असते. दुःखात माणसाला पुढे काय करावे हे कळत नाही असे आपण म्हणतो. येथे पुढचे काम सुताच्या अंतरावर पडलेले असते. मन आईकडे जाई, पण बुडून जात नसे, कारण बोटावर सुई होती आणि ती बेसावधपणाला लगेच शिक्षा करीत असे. "बारीक घाल रे पुता," हे आई शुद्धलेखन काढताना आम्हांला म्हणत असे. शिवताना ते ऐकू येई, आणि ऐकू आले तरी काम थांबत नसे. विरंगुळा आणि दिलासा यांत आम्ही जो भेद करतो तो हाच. विरंगुळ्यात दुःख विसरावयाचे असते. दिलाशात ते शेजारी बसवून ठेवता येते.

अक्कांच्या घरी जाणेयेणे वाढले तसे आणखी काही पाहावयास मिळाले. त्या कसुती करतात. धारवाडकडची ही भरतकामाची कला इलकल साडीच्या पदरावर आपण सर्वांनी पाहिलेली असते: गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर. पण पाहिलेली असते म्हणजे कशी होते हे ठाऊक असते असे नाही. कसुतीत कापडावर नक्षी आखून घेत नाहीत. ताणाबाण्याची सुते मोजून टाका घालतात. दोऱ्याला गाठ मारीत नाहीत. तिचे टाके चार. नेगी हा विणीसारखा दिसणारा. मेंथी हा मेथीच्या दाण्याची आठवण देणारा फुलीचा टाका. आणि गवंती व मुरगी हे दोन असे की कापडाची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. गवंतीत सुई एकदा एकेक घर सोडून पुढे जाते, आणि परतताना सोडलेली घरे भरीत येते. जाताना रेघ तुटक दिसते. परत येईपर्यंत ती तुटकच राहते, आणि नवशिक्याला वाटते की आपले चुकले. आम्हांला तसे अनेकदा वाटले. मोजणीत एक सूत चुकले की वीस टाक्यांनंतर मोराची मान वाकडी होते, आणि मग मोजीत मागे जाण्यावाचून गत्यंतर नसते.

आमच्या दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या रानपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. तीही जुन्या कपड्यांचीच. पण तिच्यात ठिगळांचे रंग असे बिनधास्त शेजारी बसविलेले असतात की आपल्या सौंदर्यशास्त्राने डोळे चोळावे. सुई कडेपासून निघते आणि चौफेर फिरत मध्याकडे जाते. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुलांवाचून कवंदी त्यांच्या दृष्टीने पुरी होत नाही. पांघरूण म्हणून त्या फुलांचा काहीएक उपयोग नाही, हे सांगावयास नको. ज्यांच्याजवळ कापडाचा नवा तुकडाही नसे त्यांनी निरुपयोगी फुलासाठी कापड राखून ठेवावे, या गोष्टीचा उपयुक्ततावादी मंडळींनी विचार करावा. या सिद्दींची बोली कोकणीच आहे. आमच्या आईला त्यांचे बोलणे सहज कळले असते, आणि त्यांची शिवण तर त्याहूनही सहज.

आता वहीकडे वळतो. गोधडीतील तुकडे कोणत्या क्रमाने आहेत याचा नकाशा करून ठेवावा म्हणून आम्ही शंभर पानी वही घेतली. चौकोन काढावयाचा आणि आत लिहावयाचे: आजीचे जांभळे लुगडे, वडिलांचा पांढरा सदरा, बहिणीच्या परकराचा घेर, आमची प्राथमिक शाळेतली खाकी चड्डी. लिहिणे पुरेना. लुगड्याच्या काठावरची रुईफुले शब्दांत मावत नव्हती, म्हणून ती काढून पाहिली. वाईट आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. मग वहीत घराची कौले आली, मांजर आले, देवघरातली समई आली. आमची समई पाहून कोणासही ती बाटली वाटेल. पण ती काढण्यासाठी आम्ही अर्धा तास समईकडे पाहिले होते. ज्या वस्तूला पस्तीस वर्षे तेल घातले गेलेले पाहिले तिला किती कंगोरे आहेत हे त्या दिवशी प्रथम मोजले.

चित्रकार होऊ इच्छिणाऱ्याची वही निराळी. आपल्याच बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली घडलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) यांनी आपल्या आत्मचरित्राला 'ब्रश मायलेज' असे नाव दिले. त्या वाटेला मैल मोजावे लागतात, आणि ते ज्याला मोजावयाचे असतील त्याने अवश्य मोजावेत. आम्ही बोलतो आहोत ती वही कोणालाही दाखवावयाची नसते. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांचे बालपण गोव्यात लोटली येथे गेले. हा मुलगा घराच्या भिंती चित्रांनी भरू लागला, तेव्हा आईने त्याला एक कोरी वही आणून दिली. तो तिला आपली रोजनिशी म्हणे. पुढे तरुणपणी त्यांनी रोजच्या रोज चित्रांतून रोजनिशी लिहिली; १९४९ ते १९५१ या वर्षांच्या त्या रोजनिशा आज छापून उपलब्ध आहेत. गावचे पाद्री, लग्ने, मेजवान्या, शेजारपाजारचे लोक यांनी त्या गजबजलेल्या आहेत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पण आमचे लक्ष त्या आईकडे जाते. तिने भिंत खराब केल्याबद्दल मुलाला बोल लावला असेल, नसेलही. वही मात्र आणून दिली, आणि ती कोरी होती.

आम्ही काय केले होते ते येथे सांगितले पाहिजे. गोधडीच्या आदल्या हिवाळ्यातील गोष्ट. दहावीच्या वर्गात आम्ही समास शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी मान खाली घालून वहीच्या शेवटच्या पानावर काही काढीत होता. आम्ही दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा जवळ जाऊन ते पान फाडून घेतले आणि वर्गाला दाखविले. पानावर एक माग होता. पुढून, बाजूने, वरून. एक फक्त धोट्याचे, एक पायाजवळच्या लाकडाचे. वर्ग हसला. आम्हीही काही विनोद केला, तो आता लिहवत नाही. वार्षिक परीक्षा झाल्यावर, मुलगा शाळा सोडून गेल्यावर कळले की त्या पौषात त्याच्या वडिलांनी घरातला माग विकला होता. माग गेला तेव्हा खोलीत फक्त चार खुणा राहिल्या होत्या, असे सांगणाराने सांगितले. मुलगा तो माग विसरू नये म्हणून काढीत होता, की विसरता यावा म्हणून, हे आम्हांला कसे कळावे? त्याला विचारण्याचा अधिकार आम्ही ते पान फाडले तेव्हाच गमावला. पान अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. एकदा त्याच्या घराच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो.

या प्रसंगामुळेच आम्हांला हातकामाचे गोडवे गाताना जीभ आवरावी लागते. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांतून जाताना यंत्रमागांचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना कापड म्हणजे पोट हे सांगावे लागत नाही. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी सूत हे दिलाशाचे साधन नसून मजुरीचे आहे. पाठ मोडते आणि डोळे जातात. अक्कांनीही ऐन उमेदीत दुसऱ्यांच्या साड्यांवर पैशांसाठी कसुती भरली, आणि त्या काळाविषयी त्या फारसे बोलत नाहीत. तेव्हा सुई हाती धरली की मन आपोआप शांत होते, असा आमचा दावा नाही. काम आपले असावे लागते, आणि मागे कोणी उभे नसावे लागते.

सक्तीने हे साधत नाही याचाही पुरावा आपल्या गावातच घडला आहे. १९२४ च्या डिसेंबरात येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षस्थान भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर त्याचीच खूण. चार आणे वर्गणीऐवजी प्रत्येक सभासदाने दरमहा २,००० यार्ड सूत द्यावे, असा नियम या अधिवेशनाने मान्य केला. स्वतः कातावयाची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याकडून कातवून द्यावे, अशी सवलतही ठेवली. स्वतः गांधीजींना चरख्याने कोणती शांती दिली हे सर्वविदित आहे. पण जे एकाला व्रत होते ते नियम होऊन लाखोंच्या दारी गेले तेव्हा टिकले नाही. १९२५ सालीच चार आण्यांचा पर्याय पुन्हा खुला करावा लागला. आम्ही गांधीजींवर टीका करण्याइतके मोठे नाही. परंतु उद्या कोणी 'प्रत्येक विद्यार्थ्याने दरमहा एक रुमाल भरावा' असे परिपत्रक काढले तर त्यावर पहिली हरकत आमची असेल.

आमचे गणिताचे स्नेही या लेखाचा कच्चा खर्डा वाचून म्हणाले, "धावदोऱ्याला परीक्षेत किती गुण आहेत?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरातून पहिलाच मुलगा दहावीला बसला आहे त्या घराला पाच गुणांची किंमत आम्हांहून अधिक कळते. चित्रकलेने गणिताचे गुण वाढतात असे सांगून हा वाद जिंकता आला असता, पण तसे आम्ही म्हणणार नाही. कदाचित वाढत असतील. त्यासाठी आम्ही ते तास मागत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची घरे हिवाळ्यातही चालूच असतात. तेथे आजारपणे येतात, माग विकले जातात, आज्या जातात. मुले ते सारे दप्तराबरोबर शाळेत आणतात आणि आम्ही त्यांना समास विचारतो. आठवड्यातून दोन वेळा, पाऊण पाऊण तास, त्यांच्या हातांना काही करावयास असावे आणि त्या वेळी त्यांना कोणी काही विचारू नये, एवढीच मागणी आहे. मुलग्यांनीही शिवणाच्या तासास बसावे हे ओघानेच आले. संत नामदेव शिंपी होते, हे आम्ही दरवर्षी पाठ शिकविताना सांगतो आणि मुलाच्या हाती सुई दिसली की हसतो.

आणखी एक सूचना, आणि ती आमच्या व्यवसायबंधूंना रुचणार नाही. त्या तासाच्या वह्या तपासावयास घेऊ नयेत. लाल शाईला शेवटचे पान राखून ठेवावे असे वाटणे हा आमच्या धंद्याचा रोग आहे. स्नेहसंमेलनातील प्रदर्शनासाठी 'चांगल्या' वह्या निवडू नयेत. निवड झाली की वही परत परीक्षेची होते, आणि चांगले काढणाऱ्यांखेरीज सर्वांची पेन्सिल थांबते.

गोधडी त्याच वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास पुरी झाली. थंडी संपली होती, त्यामुळे ती पांघरावयास मिळाली ती पुढच्या हिवाळ्यात. कोपऱ्यांवर फुले लावावीत असे मनात होते, जमली नाहीत. गंजाचा ठिपका धुऊनही गेला नाही.

मुख्याध्यापकांनी येत्या मार्गशीर्षापासून बुधवार आणि शुक्रवारचे हे दोन तास चाचणीदाखल परत देण्याचे मान्य केले आहे. दहावीच्या दोन्ही तुकड्यांनी ग्रंथालयाशेजारच्या खोलीत बसावे. तेथे दुपारचे ऊन येते. शुक्रवारी सुई आणि घरातला कोणताही जुना सुती कपडा आणावा. नवा आणू नये. दोरा शाळा देईल. बुधवारी शंभर पानी कोरी वही आणि एक पेन्सिल पुरे. वहीवर नाव घातले नाही तरी चालेल. अक्का शुक्रवारी अर्धा तास येऊन बसणार आहेत. त्यांना मराठीत विचारावे, कन्नडमध्ये विचारावे, उत्तर मिळेल. आम्हीही मागच्या बाकावर असू, आमच्या वहीसह.